अर्धा गहू धनसिंगाचा

आर्णीपासून दोन कोसांवर, अरुणावतीच्या अलीकडच्या चढावर एक तांडा आहे. त्या तांड्यात धावजीची बायको बिजलीबाई राहायची. तिच्याबद्दल कोणालाही विचारलं तर पहिल्यांदा हेच सांगतील, की बाई हट्टी होती. मग सांगतील, सढळ हाताची होती, दारातून कोणी उपाशी गेलं नाही. आणि शेवटी आवाज जरा खाली करून सांगतील, की गव्हापायी तिचं डोकं थोडं फिरलं होतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी सांगणाऱ्यांना अर्धीच माहीत असते. त्यांना दोष नाही, एकोणीस वर्षं ती खुद्द बिजलीबाईलाही अर्धीच माहीत होती.

तिचं माहेर पुसदच्या खाली, डोंगराच्या कुशीतल्या तांड्यात. बाप लहानपणीच गेलेला. घरात आई, बिजली आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ धनसिंग, एवढीच माणसं. श्रावणात तीज आली की बिजलीचा तोरा पाहण्यासारखा असायचा. तीज हा तांड्यातल्या कुवार पोरींचा सण. काळी माती आणि लेंडीखत कालवून टोपल्या भरायच्या, त्यात गहू पेरायचा, दिवसातून तीनदा गाणी म्हणत पाणी घालायचं, आणि नवव्या दिवशी वीतभर वाढलेली ती पिवळसर रोपं नदीवर न्यायची. त्यातली चार पाती भावाच्या पागोट्यात खोचायची. बिजलीची टोपली दरवर्षी सगळ्यांत उंच. धनसिंग ती पाती पागोट्यातून काढायचाच नाही. वाळून, मोडून, आपोआप गळून पडेपर्यंत मिरवायचा. पोरं चिडवायची, "काय रे, डोक्यावर कडबा घेऊन फिरतं?" तो हसायचा आणि तसाच फिरायचा.

सत्तेचाळीस सालच्या वैशाखात बिजलीचं लग्न झालं. त्या हिवाळ्यात गव्हाचं जे झालं ते जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. माघात आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिलं, सकाळी पानापानावर दव साचायचं, आणि बघता बघता हिरवं शिवार गेरूनं सारवल्यासारखं लाल झालं. तांबेरा. तांड्यात त्याला गेरवा म्हणतात. पिकातून चालत गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत रंगायचं. ओंब्या आल्या, नेहमीची काळीभोर कुसळंही आली, पण मळून पाहिलं तर तळहातावर भुसा आणि जिऱ्याएवढे सुरकुतलेले दाणे. खळ्यावर गहू नाही आणि दारात वऱ्हाड उभं, अशी तिच्या आईची गत झाली.

तांड्याच्या रीतीप्रमाणे निघताना नवरीला बैलाच्या पाठीवर उभं केलं. बिजलीनं दोन्ही हात वर केले आणि निरोपाचं गाणं म्हटलं. आईचं नाव घेतलं, भावाचं घेतलं, पाणवठ्याच्या दगडाचंही घेतलं. पंधरा वर्षांची पोर, शेवटी शेवटी तिचा आवाज फुटेना. खाली उतरवल्यावर आईनं तिच्या ओढणीच्या कोपऱ्यात ओंजळभर गहू बांधला. टपोरा, मधाच्या रंगाचा.

"पेरत जाय," आई म्हणाली. "अन् यातला अर्धा धनसिंगाचा हाये. इसरू नोको."

एवढंच बोलली. बिजलीनं मनाशी धरलं, की मागच्या सालचं बियाणं आईनं मडक्याच्या तळाशी राखून ठेवलं असणार. आईच ती, लेकीसाठी काहीही राखून ठेवील.

त्याच श्रावणात आई गेली. खबर पोचेपर्यंत पाच दिवस उलटले होते. धनसिंगनं झोपडीच्या दाराला काटी लावली आणि पैनगंगा ओलांडून मोगलाईत, निजामाच्या मुलखात, कामाला गेला, असं कोणीतरी सांगितलं. कुठल्या गावाला, कोणाबरोबर, कोणालाच ठाऊक नव्हतं. नंतर तो तांडाही विरळ होत गेला, जिकडे मजुरी तिकडे माणसं पांगली. माहेर म्हणून बिजलीबाईकडे उरलं काय, तर तो ओंजळभर गहू.

तिनं तो पेरला. धावजीच्या वावराच्या कडेला, कपाशी आणि ज्वारीला लागून, चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी. फाल्गुनात मळून आलं की ती त्याचे दोन वाटे करायची. एक तिचा. दुसरा कडुनिंबाचा पाला घालून सुकलेल्या दुधीच्या तुंब्यात, भावाचा. पुढच्या कार्तिकात दोन्ही पुन्हा पेरायची, पुन्हा वाटे करायची. तिच्या वाट्यातून सणाला लापशी व्हायची, पाहुण्याला पोळी व्हायची. तुंब्यातल्याला खाण्यासाठी कोणाचा हात लागायचा नाही. भाऊ आला की त्याच्या पुढ्यात ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं, आणि मनात दुसरं फारसं काही राहतही नव्हतं.

धावजी भला माणूस. थट्टा करायचा, पण आड यायचा नाही. कोणी विचारलं, ही चार तासं कशाची, तर म्हणायचा, "हे आमच्या साळ्याचं वावर हाये. आमी त्याचे सालदार."

नवरा असा, पुढे दोन मुलगे झाले, घर भरलं. तरी श्रावण आला, तांड्यातल्या पोरींची तीजेची गाणी सुरू झाली, की बिजलीबाई पाणवठ्याला दुसऱ्या वाटेनं जायची. लग्न झालेल्या बाईनं तीज पेरायची नसते. ती लांबूनच दुसऱ्यांच्या टोपल्या पाहायची आणि मनात म्हणायची, धनसिंग आत्ता असता तर पागोट्यात कोणाची पाती खोचून फिरला असता.

छप्पन साली मोठ्या लोकांनी राज्यांची वाटणी नव्यानं केली आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांना एकच सरकार आलं. बिजलीबाईला वाटलं, आता धनसिंग येईल. जसं काही इतकी वर्षं सरकारनंच त्याची वाट अडवून धरली होती.

भाऊ आला नाही. मारोतराव आले. हे वणीकडचे, विकास खंडाचे ग्रामसेवक. सायकल, खाकी पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या पिकाकडे पाहायची सवय. त्यांनी तांड्याला सरकारी गव्हाचं नवं बियाणं दिलं. चार-पाच घरांनी पेरलं, बाकीच्यांनी जुनंच. त्या माघात आभाळ आलं, आणि तांबेरा उतरला. जुनं पीक सगळं रंगलं. सरकारी गहू मात्र बांधाला बांध लागून असूनही हिरवागार उभा. मंतर टाकल्यासारखं लोक पाहत राहिले.

तांड्याचा नायक गुलाबसिंग वयस्क, कमी बोलणारा. त्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, पुढच्या सालापासून सगळ्यांनी नवा गहू पेरायचा. जुना कोणी ठेवायचा नाही. तो रोगाचं घर आहे, एकाच्या वावरात राहिला तर सगळ्यांच्या मानेवर बसेल.

"नायक, माही चार तासं राहू दे," बिजलीबाई म्हणाली. बायकांच्या घोळक्यातून बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"काहून?"

"माह्या याडीचा गहू हाये. अन् अर्धा माह्या भावाचा. तो आल्यावर मी त्याले काय देऊ?" तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

गुलाबसिंगनं तिच्याकडे पाहिलं. त्यालाही कुठेतरी बहीण असेल. "तीन साल देतो," तो म्हणाला. "तीन साल झाल्यावर तुह्या गव्हावर गेरवा दिसला तर तूच उपटशीन. मी सांगाले येनार नाई."

तिनं मान हलवली. कबूल केलं खरं, पण करायचं काय ते तिला ठाऊक नव्हतं. रोगाला कोण सांगणार, बाबा या चार तासांना सोड. तिनं मारोतरावांची सायकल अडवली.

"साहेब, त्या तुमच्या गव्हाले रोग काहून लागत नाई?"

मारोतराव उतरले. असं विचारणारी बाई त्यांना रोज भेटत नसावी. म्हणाले, "रोग सगळ्याले सारखा लागत नाही, बाई. शंभरात एखादं झाड असं असतं का बाजूचं मरते अन् ते तसंच उभं. आमचे शास्त्रवाले असंच झाड हुडकतात. कुंड्यांत रोपं काढतात, वरून तांबेऱ्याची भुकटी शिंपतात, पाणी मारून एक रात ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात. दहा-बारा दिवसांनी पाहतात, कोणाले लागला, कोणाले नाही. ज्याले नाही लागला, त्याचं बी धरायचं."

बिजलीबाई ऐकत होती. मग म्हणाली, "हे तर तीज झाली, साहेब."

पुढच्या पौषात तिनं तीन टोपल्या भरल्या. काळी माती, लेंडीखत, सगळं तसंच. तिच्या वाट्यातला गहू भिजवून पेरला. तांड्यात हसं झालं. म्हाताऱ्या म्हणाल्या, लग्न झालेली बाई, अन् तीही पौषात तीज उगवून राह्यली, आता हिच्या पात्यांले पागोटं हुडका. तिनं कान दिला नाही. टोपल्यांना पाणी घालताना मात्र तिच्या तोंडून आपसूक तीजेचं गाणं निघालं, आणि लक्षात आल्यावर ती गप्प झाली. अकरा वर्षांनी तिच्या हाताखाली पुन्हा तीज उगवत होती. तिला रडूही आलं आणि बरंही वाटलं.

चार तासांत पहिले तांबडे ठिपके दिसले तसे तिनं ती पानं खुडून आणली, रोपांवर झटकली, पाणी मारलं. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून टोपल्यांवर बोरीची फांदी ठेवली. तीजेला बोरीची फांदी लागतेच. पोरी तिच्या काट्यांना भिजलेले हरभरे टोचतात, पोरं फांदी हलवून त्यांना सतावतात. बोरीशिवाय तीजेची टोपली तिला उघडी वाटली. फांदीवरून ओली घोंगडी टाकली, आणि सकाळी काढली.

अकराव्या दिवशी टोपल्या तांबूस झाल्या होत्या. नखानं पान खरवडलं की बोट रंगायचं. पण एका टोपलीच्या कोपऱ्यात पाच रोपं अशी होती, की पानावर एक ठिपका नाही. तिनं दहादा पाहिलं. धावजीला बोलावून दाखवलं, त्यानंही डोळे बारीक करून पाहिलं. मग तिनं ती पाच रोपं मुळाच्या मातीसकट काढली आणि विहिरीच्या काठी लावली. चैत्राच्या उन्हात आपली ओढणी त्यांच्यावर धरली. धावजी म्हणाला, "माह्यावर कदी धरली नाई." वैशाखात त्या पाच रोपांनी तिला एक मूठ गहू दिला. कुसळं काळीभोर. आईचाच गहू, पण रोग न लागणारा.

पुढचं साल आभाळ निर्मळ राहिलं. मुठीचे दोन शेर झाले, एका पानावर डाग नाही. बिजलीबाईच्या पायाला जमीन लागेना. आता तिचं माहेर कोणी हिरावून घेणार नव्हतं. त्या फाल्गुनात तिनं आपल्या वाट्याचा सगळा जुना गहू भरडला, गूळ घालून मोठ्या भांड्यात लापशी केली आणि अख्ख्या तांड्याला जेवू घातलं. नायकाच्या पानात दोनदा वाढलं. ज्या म्हाताऱ्या हसल्या होत्या त्यांच्याही पानात दोनदा वाढलं, त्यात थोडा सूड होता.

तुंब्यातल्या भावाच्या वाट्याला मात्र तिनं हात लावला नाही. तो जुनाच होता, रोग लागणाराच होता, पण त्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्क तिचा नव्हता. तो आला की विचारून बदलून देऊ, असं म्हणून तिनं तुंबा पुन्हा आढ्याला टांगला.

एकोणीसशे साठच्या माघात आभाळ आलं. सहा दिवस सूर्य दिसला नाही. सातव्या दिवशी सकाळी ती वावरात गेली, आणि चारही तासं लाल होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही झाड सुटलं नव्हतं.

नायक आला नाही. त्यानं तसं सांगितलंच होतं. बिजलीबाईनं दुपारपर्यंत एकटीनं चारी तासं उपटली, ढीग केला आणि पेटवला. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. धावजी बांधावर उभा होता. त्याला थट्टा सुचली नाही.

पंधरवड्यानं मारोतराव आले. तिनं पाच रोपांची ती टोपली त्यांच्यासमोर ठेवली, बोरीची फांदी तशीच ठेवून दाखवली, वर घोंगडी टाकली.

"ती पाच रोपं कुठं होती?" त्यांनी विचारलं.

तिनं बोट ठेवलं. फांदीचा बुंधा तिथेच टेकत होता. घोंगडी तिथे वीतभर उचललेली राहायची, वारा आत जायचा.

मारोतरावांना सांगायला जड गेलं. "बाई, तिथं ओल धरलीच नाही. ओल नाही तर तांबेरा रुजत नाही. त्या रोपांले रोग लागू शकत नव्हता असं नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. ती नुसती वाचली."

"वाचली म्हनजे लागत नाई, असं नसते का?"

"नसते. लागत नाही ते रक्तात असते, पोराबाळांत उतरते. वाचणं त्या दिवसापुरतं."

बिजलीबाई टोपलीपाशी बसून राहिली. सगळ्या तांड्याला लापशी करून वाढली ती आठवली. आईचा गहू तिनं आपल्या हातानं शिजवून लोकांच्या पोटात घातला होता, नसलेल्या गोष्टीच्या भरवशावर. ती रडली. मारोतराव सायकल धरून उभे राहिले, गेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग तिला तुंबा आठवला.

धनसिंगाच्या वाट्याला हात लावला नव्हता म्हणून तो शिल्लक होता. दीड शेर. तिनं तो उतरवला, गहू सुपात पसरला, आणि दुसऱ्या दिवशी मारोतरावांना गाठून विचारलं, "वाचनं त्या दिवसापुरतं म्हनता ना? मंग मी त्याले दर साली वाचवीन. सांगा कसं."

त्यांनी डोकं खाजवलं. धावजीच्या जमिनीच्या वरच्या टोकाला मुरमाचं एक टेकाड होतं. तिळाशिवाय तिथे काही होत नसे. वारा मोकळा, दव टिकत नसे. मारोतराव म्हणाले, पाऊस हटल्याबरोबर, दसऱ्याच्याही आधी तिथे पेरा. पौषात कापा. तांबेरा माघात येतो, तोवर तुमचं खळं आटपलेलं असेल. पण पीक म्हणाल तर नावालाच येईल.

"नावालाच पायजे," ती म्हणाली.

नायकाला विचारलं. गुलाबसिंग म्हणाला, "रोग यायच्या आंधी उचलशीन तर पेर. आमच्या मानेवर नोको म्हनजे झालं."

तेव्हापासून दरसाल टेकाडावर बिजलीबाईचा गहू उभा राहायचा. टीचभर उंच, विरळ, आल्यागेल्याला वाटायचं की गवतच आहे. खाली शिवारभर सरकारी गहू डोलायचा, धावजीच्या वावरातही तोच, घरात पोळ्याही त्याच्याच. वरचा गहू जेमतेम दोन कटोरे यायचा. एक तिचा, एक धनसिंगाचा. चौसष्ट साली सरकारी गव्हाच्या पानांवरही थोडे ठिपके दिसले. मारोतराव म्हणाले, रोगही शिकतो, आता नवं बियाणं यायला पाहिजे. टेकाडावरचा गहू तेव्हा कापून घरात आलेला होता. बिजलीबाईला त्याचा आनंद झाला नाही. तिला स्वतःचं ठाऊक होतं. तिनं आईचं दुःख असंच टाळत आणलं होतं, श्रावणात पोरींच्या गाण्यापासून लांब, पाणवठ्याच्या दुसऱ्या वाटेनं. ते तिला लागत नव्हतं असं नाही. ती फक्त चुकवत होती.

सहासष्टच्या माघात, एका दुपारी ती अंगणात तुंब्यात ताजा गहू भरत होती, तेव्हा पागोटं घातलेला एक उंच, वाकलेला माणूस वाटेवर येऊन उभा राहिला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं धावजीचं घर विचारलं. आवाज ऐकून बिजलीबाईच्या हातातलं माप खाली पडलं.

तांड्याची रीत अशी, की फार दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं की बाईनं गळ्यात पडून, एक एक आठवण काढत, गात रडायचं. बिजलीबाईनं ते गाणं एकोणीस वर्षं तयार ठेवलं होतं. वावरात, पाण्यावर, चुलीपाशी तिनं त्यातल्या ओळी जुळवल्या होत्या. ती उठली, त्याच्या गळ्यात पडली, आणि एक ओळ आठवेल तर शपथ. नुसतं "भिया, भिया" म्हणत राहिली. भिया म्हणजे भाऊ.

धनसिंग सडकेच्या कामावर होता. नांदेड, हिंगोली, कुठे कुठे खडी फोडत हिंडला होता, आता आर्णीच्या पुढे काम चाललं होतं. बायको होती, एक मुलगी होती. कागदात लाल कापड होतं, ओढणीचं.

"किती दिवस झाले आर्णीले?" तिनं विचारलं.

त्यानं खाली पाहिलं. "महिना. तुले बाजारात पाह्यलं बी होतं. मी बांगड्यावाल्याच्या दुकानामांगं झालो."

"काहून?"

"हात रिकामे होते. बहिनीच्या दारात रिकाम्या हातानं कसा येऊ? याडी मेल्यावर तुले कापडाचा तुकडा बी घेऊन नाई आलो. मंग एक साल गेलं, दोन गेले. जितके दिवस जाते तितकं जास्त आनाव लागते."

बिजलीबाईनं चूल पेटवली. तुंब्यातला नाही, तिच्या वाट्याच्या कटोऱ्यातला गहू भरडला, गूळ घातला, तूप घातलं. लापशी पानात वाढून समोर बसली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. धावजीही पाहत राहिला.

धनसिंग जेवला. सडकेच्या गोष्टी सांगितल्या, मुकादमाच्या सांगितल्या. पान पुसून खाल्लं.

"कशी लागली?"

"गोड हाये."

"गहू कोन्ता वाटते?"

"सरकारी असन. आजकाल तोच मिळते."

धावजी खोकला आणि उठून बैलांकडे गेला. बिजलीबाईनं तुंबा आणून भावाच्या पुढ्यात ठेवला. "तुहा वाटा. याडीचा गहू हाये. लग्नात माह्या पदराले बांधला, अन् म्हने अर्धा धनसिंगाचा. मी मोडू देला नाई." मग तिनं सगळं सांगितलं. चार तासं, टोपल्या, पाच रोपं, लापशी, टेकाड. ती कधी एवढं बोलली नव्हती.

धनसिंगनं तुंब्यात हात घातला, मूठभर गहू बाहेर काढला आणि धरून बसला.

"बिजली, याडीच्या घरी त्या साली गहू नव्हता. मडकं मीच पालथं करून पाह्यलं. सगळा गेरव्यानं गेला."

"मंग हा?"

"मी पुसदले गेलतो. मोहिउद्दीन सेठच्या दुकानी तीन दिवस पोते वाह्यले. म्हटलं, मजुरी नोको, ओंजळभर गहू द्या, पन काळ्या कुसळाचा. बहिनीले उमजलं नाई पायजे का घरचा नोहे. याडीनं सांगतलं, बिजलीले सांगू नोको, तिचं मन मोडन. तू बैलावर उभी राह्यशीन अन् पदर रिकामा. मले पाहावलं नसतं."

अंगणात उन्हं कलत होती. बिजलीबाईला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. आईचा गहू सत्तेचाळीस सालच्या माघातच गेला होता. टोपलीत नाही, लापशीत नाही, त्याच्याही आधी. एकोणीस वर्षं ती ज्याला आई म्हणून जपत होती ते पुसदच्या दुकानातल्या पोत्यातलं धान्य होतं. आई दुसऱ्यांदा मेल्यासारखं तिला झालं, आणि या वेळी खबर एकोणीस वर्षं उशिरा आली होती.

आणि मग तिला आईचे शब्द आठवले. अर्धा धनसिंगाचा हाये, इसरू नोको. आईनं लपवलं होतं, पण खोटं बोलली नव्हती. तिला खरं तेवढं सांगून ठेवलं होतं, लेकीला उमगेल तेव्हा उमगेल.

तिनं भावाच्या मुठीवर आपला हात ठेवला. त्याच्या बोटांना खडीनं घट्टे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. तिनं लाल ओढणी अंगावर घेतली होती. त्याच्या पागोट्याचा सोगा सोडला, त्यात तुंब्यातला सगळा गहू बांधला आणि गाठ आतल्या बाजूला खोचली, पूर्वी तीजेची पाती खोचायची तिथेच. मग आपल्या वाट्यातलाही अर्धा आणून त्यात घातला.

"दसऱ्याच्या आंधी पेर," ती म्हणाली. "मुरमाड जागेवर, ओल धरत नाई तिथं. याले रोग लागते. पन लवकर काढला तर वाचते."

"पेरीन."

"अन् ये."

"येईन. पन पुढच्या खेपेले काय आनू, ते सांग. रिकामा येनं बरं नाई दिसत."

बिजलीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. आता तिला गाणं आठवलं असतं, पण तिला गायचं नव्हतं.

"भिया, तू रिकामा कदी होता? तू देल्लं तेच मी एकोनीस साल पेरून राह्यली."